मालकाच्या नावेसाठी अडवलेलं पाणी

त्या बोडीच्या पाण्यावर कधी कोणाच्या धानाची एक बांधी भिजली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आमच्या सावली तालुक्याकडच्या धानपट्ट्यात तलावांना आणि लहान तलावांना, म्हणजे बोड्यांना, तोटा नाही. पण त्या सगळ्या धानासाठी. ही एकच बोडी अशी की ती नाव फिरवायला बांधली होती. पाण्यात बसून गार वारा खायला. शौक म्हणतात ना, तो.

मागच्या महिन्यात नातीनं मला गाडीवर बसवून तिथं नेलं. आता तिथं बगीचा होतो आहे. झोपाळे आले, बदकाच्या तोंडाच्या नावा आल्या. पोरंसोरं खेळतील, चांगलंच आहे, माझं काही म्हणणं नाही. पण मी काठी टेकत टेकत पारीच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, टोकाला गेले, जिथून जास्तीचं पाणी बाहेर जातं तिथं, आणि पाहते तर त्या वाटेवर बारीक लोखंडी जाळी ठोकलेली. कामावरच्या पोराला विचारलं, ही कशाला रे बाबा?

"मासे अन् कचरा बाहेर जाऊ नये म्हणून जी, आजी. तुम्ही नका टेन्शन घेऊ."

मी टेन्शन घेतलं नाही. घरी येऊन वही घेतली.

शाळेत मी गेले नाही. लेकीच्या पाटीवरची अक्षरं पाहून पाहून शिकले, तीही चूल सांभाळत. म्हणून माझं लिहिणं बोलण्यासारखंच आहे, एक सांगता सांगता दुसरीकडे जाते. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर तुम्ही दुरुस्त करून घ्या. पाण्याच्या वाटेबद्दल मात्र मी चुकत नाही, तिथं कोणी दुरुस्ती करायला येऊ नये.

लग्न होऊन मी त्या गावात आले तेव्हा सरकारनं मालकांची मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, नुकतीच काढून घेतली होती. गावचे मोठे तलाव सरकारकडे गेले. मालकांकडे घरची शेती राहिली, आमराई राहिली आणि ही बोडी राहिली, कारण ती धानाची नव्हती, हौसेची होती. मालगुजारी गेली तरी लोकांच्या तोंडातून 'मालक' काही गेला नाही. मालकांच्या मानेतूनही गेला नव्हता.

बोडी गावाच्या वरच्या अंगाला होती. दोन टेकाडं, आणि त्यांच्यामध्ये घातलेली मातीची पार, वरून बैलगाडी जाईल एवढी रुंद. पारीवर मालकांच्या वडिलांनी गुलमोहर लावले होते. बसायला दगडी बाकं, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आणि पायरीला बांधलेली एक हिरवी नाव. नागपूरहून पाहुणे यायचे. गळ टाकायचे, पान खायचे, नावेतून या टोकाचे त्या टोकाला जायचे आणि पुन्हा या टोकाला यायचे. मला मोठं नवल वाटायचं, की जायचं कुठंच नाही तर निघतात कशाला! नाव चालवायचं काम आमच्या ह्यांच्याकडे होतं. मालकांचा त्यांच्यावर विश्वास होता, आणि ह्यांनाही त्या नावेचा अभिमान होता. दर उन्हाळ्यात ते तिला स्वतः रंग द्यायचे.

पारीच्या खालच्या बाजूला आमची टोली. वीस-बावीस घरं, कुडाच्या भिंती, वर कवेलू. आमचं घर सगळ्यात मागं, म्हणजे पारीला लागून. अंगणात उभं राहून वर पाहिलं की आधी पार दिसायची आणि मग आभाळ. पाणी आमच्या चुलीच्या वर होतं. एवढं एक लक्षात ठेवा.

माझं माहेर तलावाच्या पारी बांधणाऱ्यांचं. लग्नानंतर वडील पहिल्यांदा मला भेटायला आले तर घरात पाय धुवायच्या आधी पारीवर गेले. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात पाण्याचा लोटा घेऊन उभ्याच राहिल्या. वडील टाचेनं माती ठोकत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, गुलमोहराकडे पाहून त्यांनी तोंड वाकडं केलं, आणि खाली येऊन मला म्हणाले, "बाई, ही पार कोणं बांधली?"

"मालकाच्या बापानं."

"त्याले नाव बांधता येत असंन. पार बांधता येत नाई."

मग त्यांनी मला अंगणात बसवून समजावून सांगितलं. धानाच्या तलावाला तुडुम असतं, पाहिजे तेव्हा पाणी सोडायचं दार. या बोडीला तुडुमच नव्हतं. धान भिजवायचंच नाही तर दार कशाला? म्हणजे पाण्याला बाहेर जायला एकच वाट उरली, ती सलंग. सलंग म्हणजे पारीच्या टोकाला मुद्दाम ठेवलेली दगडी सखल जागा, तिथून जास्तीचं पाणी आपोआप निघून जातं. "ते एक वाट बुजली," वडील म्हणाले, "तं पाणी पारीवरून येईन, नाई तं पारीच्या पोटातून येईन. दोन्हीकडून ते तुह्याच घरात येईन. अन् हे झाडं! पारीवर झाड लावत असते का कोणी? झाड मरते, मूळ सडते, मातीत पोकळ नळी राह्यते. मंग पाण्याले काय, आयतीच वाट."

आमच्या अंगणामागं, पारीच्या पायथ्याशी, एक हातभर जागा बारमाही ओली असायची. तिथून पाणी झिरपायचं. वडिलांनी माझ्या लग्नातली काशाची वाटी मागून घेतली आणि त्या झिरप्याखाली धरली.

"हे रोज भर. घटकाभर ठेव अन् पाह्य. पाणी निवळ राह्यलं तं पार रडून राह्यली समज. रडू दे. जुनी पार रडतेच. पण वाटीच्या बुडाशी माती बसली, तं पार आपलं पोट देऊन राह्यली. त्या दिवशी भात रांधत बसू नोको. लेकरू उचल अन् निघ."

मी रोज वाटी भरायची. तीन पावसाळे भरली. आत्याबाई शेजारणींना सांगायच्या, "आमच्या सुनेचं रोजचं काम हाय ते. पारीचं दूध काढते." सगळ्या हसायच्या, मीही हसायची. पण भरायची.

चौथ्या वर्षी माझी लेक पाच महिन्यांची होती. आदल्या उन्हाळ्यात वादळानं पारीवरचा एक गुलमोहर पडला होता, नेमका आमच्या घराच्या वरचा. बुंधा कापून नेला, मुळं तिथंच राहिली. आणि त्या श्रावणात मालकांनी सलंगीत फळ्या घातल्या.

कारण सांगते. पोळ्याला मालकीणबाईंच्या माहेरची मंडळी यायची होती. पाणी नेहमीच्या पातळीला असलं की नाव वरच्या पायरीला लागत नसे, मधे चिखल राहायचा. बायांच्या पायाला चिखल लागू नये म्हणून पाणी दोन हात चढवायचं ठरलं. सलंगीच्या दगडांना खाचा पाडल्या आणि सागाच्या दोन जाड फळ्या एकीवर एक बसवल्या. झालं. नाव वरच्या पायरीला लागली.

आता सगळा दोष मालकांवर टाकून मी मोकळी झाले असते. पण खरं लिहायला बसले आहे. फळ्यांवरून पाणी पडायला लागलं तसे मासेही पडायला लागले. मग आमच्या टोलीनं काय केलं, तर फळ्यांच्या पलीकडे सलंगीत आडवा बांबूचा तट्टा बांधला. पाणी निघून जायचं, मरळ आणि झिंगे तट्ट्यावर राहायचे. तट्टा विणण्यात आमच्या आत्याबाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांनीच विणला, त्यांनीच बांधला. त्या आठवड्यात टोलीत रोज मासळीचा रस्सा. मीही खाल्ला. दोन दोन वेळा वाढून घेतला.

पोळ्याच्या चार दिवस आधी वाटीच्या बुडाशी माती दिसली. फार नाही, नखावर मावेल एवढी. मी वाटी धुतली, पुन्हा भरली. पुन्हा तेवढीच.

आत्याबाईंना दाखवली तर म्हणाल्या, "माहेरचं शहाणपण माहेरी ठेवून येत जा वं. इतके वर्सं झाले, पार काई हालली नाई."

मी ओली वाटी पदराखाली घेऊन मालकांच्या दिवानजीकडे गेले. कारभार तेच पाहायचे. ओसरीवर चार माणसं बसली होती.

"काय वं, काय पाह्यजे?"

"सलंगीच्या फळ्या काढा जी दिवानजी. वाटीत माती बसून राह्यली."

"कोणाच्या वाटीत?"

"माह्या."

"मंग वाटी घास."

ओसरीवरची माणसं खो खो हसली. दिवानजींना आणखी चेव आला. "पार काय तुह्या वाटीले विचारून उभी हाय का?"

"नाई जी," मी म्हटलं, "अन् पडंन तेव्हा तुमाले बी विचारनार नाई. तुमच्या घराकडे उतार नाई म्हणून तुमाले हसू येऊन राह्यलं."

हसणं थांबलं. दिवानजींनी पानाची पिंक टाकली आणि हळूच म्हणाले, "नवऱ्याले नाव चालवायची हाय ना अजून?"

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "पोळा होऊ दे. पाहुणे गेले का म्याच काढतो फळ्या, कोणाले न विचारता." मला वाटलं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. माझंही चुकलंच. वडिलांनी सांगितलं होतं, त्या दिवशी निघ. त्यात चार दिवसांची सवलत नव्हती.

आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या लावतात. मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काढायच्या, घरातली सगळी रोगराई त्यांच्यासोबत आहे असं समजायचं आणि ओरडत ओरडत गावाबाहेर टाकून यायच्या. ही मारबतीची सकाळ. 'इडा पिडा, खासी खोकला, घेऊन जाय गे मारबत!' टाकल्यावर मागं वळून पाहायचं नाही. आणि टाकलेल्या फांदीला पुन्हा हात लावायचा नाही. लावला की बाहेर घालवलेलं सगळं त्याच्यासोबत घरात परत येतं. मागच्याच साली टोलीत देवीची साथ येऊन तीन लेकरं गेली होती. त्यामुळे त्या साली लोकांनी अशा जोरानं आरोळ्या ठोकल्या की गळे बसले.

टाकायची जुनी जागा नाल्याच्या पलीकडे होती. नाला रात्रीपासून भरून वाहत होता. मग कोणीतरी म्हणालं, बोडीत टाका, सलंगीतून वाहून जाईल. बावीस घरांच्या फांद्या, दोन्ही बाजूंच्या, चांगल्या हातभर पानांच्या, सगळ्या पाण्यात गेल्या. माझ्या दारच्या मीच टाकल्या, लेकीला कडेवर घेऊन. सासूबाईंच्या तट्ट्याची मला आठवणसुद्धा झाली नाही. वळून पाहायचं नव्हतं, म्हणून कोणीच वळून पाहिलं नाही.

सकाळभर पाऊस धो धो पडला. दुपारी थोडा उघडला तसे पाहुणे नावेत बसले, मालक त्यांच्यासोबत, आणि नाव चालवायला आमचे हे. मी मागच्या अंगणात वाटी भरायला गेले.

घटकाभर ठेवायची गरजच पडली नाही. झिरपा नव्हता तो, मनगटाएवढी धार होती, आणि लाल होती. वाटीत पाणी कमी आणि चिखल जास्त.

लेकीला उचललं. टोलीतून ओरडत गेले, "निघा, पार फुटून राह्यली, निघा!" काही बाया लेकरं घेऊन निघाल्या. काही दारात उभ्या राहून एकमेकींकडे पाहत होत्या. एका घरी म्हातारी अंथरुणाला खिळलेली, एका घरी बाळंतीण, गोठ्यांमधे पोळ्याचे रंगवलेले बैल बांधलेले. या सगळ्यांना कोण हलवणार, आणि किती वेळात? लेकीला मी मारुतीच्या उंच ओट्यावर एका जाणत्या बाईच्या मांडीत दिलं. वडिलांनी निघ म्हटलं होतं. मी निघाले, पण वरच्या दिशेनं.

सलंगीवर जाऊन पाहते तर पाणी दिसेचना. नुसता हिरवा ढीग. फळ्यांवरून गेलेल्या फांद्या तट्ट्याला अडकल्या होत्या, त्यांच्यावर दुसऱ्या, त्यांच्यावर तिसऱ्या, आणि मागून आलेला पालापाचोळा चिखलासारखा घट्ट बसलेला. बोटभर पाणी कसंबसं बाहेर येत होतं. आणि तिकडे पडलेल्या गुलमोहराच्या जागी, जिथं पार खचून थोडी सखल झाली होती, तिथं पाणी पारीच्या माथ्यापासून एक वीत खाली.

माझ्या ओरडण्यानं टोलीतली दहा-बारा माणसं वर आली होती. मी म्हटलं, "ओढा! फांद्या ओढा बाहेर!"

कोणी हललं नाही.

"अवं, इडा पिडा हाय ते," एक जण म्हणाला. "सकाळी टाकली अन् दुपारी घरात आणतं का?"

"माह्या पोराचा खोकला हाय त्याच्यात," दुसरा म्हणाला आणि दोन पावलं मागं सरला. मागच्या साली गेलेल्या तीन लेकरांपैकी एक त्याचं होतं. त्याला मी काय बोलणार? त्याची भीती खोटी नव्हती. पण पाणीही खोटं नव्हतं.

"मंग सगळ्याइची इडा पिडा माह्या अंगावर येऊ द्या!" मी म्हटलं. लुगड्याचा काचा आवळला आणि उतरले.

पाणी कमरेपर्यंत होतं. पहिली फांदी ओढली ती माझ्याच दारची होती की दुसऱ्याच्या, कोण जाणे. पळसाची पानं सगळी सारखीच. ओढायची आणि बाजूला फेकायची. मी फांदी फेकली की तिथली माणसं उडी मारून लांब व्हायची, जणू मी साप फेकते आहे.

तेवढ्यात छत्री घेऊन दिवानजी आले. "ए बाई, बाहेर निघ! पाहुणे नावेत हाय, तमाशा नोको करू!" नावेतून ह्यांचा आवाज आला, "अवं, काय करून राह्यली तू?" मी म्हटलं, "तुमचं घर वाचवून राह्यली! नाव तिकडे न्या, सलंगीपासून लांब!" तेवढं मात्र त्यांना लगेच समजलं. नाव त्यांनी वळवली आणि लांबच्या उथळ कोपऱ्यात नेऊन घातली.

मग आत्याबाई येताना दिसल्या. हातात पोळ्याला बैलाला घातलेला नवा कासरा आणि इळा. मला वाटलं, आता कासऱ्यानं मारणार सगळ्यांसमोर. त्या काही न बोलता पाण्याच्या काठाशी बसल्या, कासरा माझ्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक सलंगीच्या दगडाला दोन वेढे देऊन बांधलं.

"वाहून गेली असती तं रोज पारीचं दूध कोणं काढलं असतं?" मला म्हणाल्या. मग लुगडं खोचून पलीकडून तट्ट्यापाशी उतरल्या. लोक ओरडले, "म्हातारे, हात नोको लावू!"

"काऊन नोको लावू? तट्टा म्या बांधला, म्याच सोडीन. अन् माह्या दारची इडा हाय त्याच्यात, चाळीस वर्सं माह्याच घरात राह्यली ते. मले काय नवीन खाते का?"

इळ्यानं त्यांनी एक एक बंध कापला. तट्टा वाकला, करकरला आणि अर्धा ढीग घेऊन खाली गेला. त्या अंग चोरून दगडाला चिकटल्या म्हणून वाचल्या. त्यानंतर टोलीतली एक बाई उतरली, मग दुसरी, आणि मग तो, ज्याचं लेकरू गेलं होतं. डोळे मिटून त्यानं पहिली फांदी ओढली. पुढच्या फांद्या उघड्या डोळ्यांनी ओढल्या.

फळ्या राहिल्या. त्या पाण्याच्या जोरानं खाचेत अशा बसल्या होत्या की हलेनात. कोणीतरी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणली. दिवानजी मधे उभे राहिले. "फळ्याइले हात लावायचा नाई. मालकाचा हुकूम पाह्यजे."

"हुकूम आणा मंग पोहून," आत्याबाई म्हणाल्या. "तुमाले पोहता येते का जी?"

त्या गर्दीत, त्या भीतीत, माणसं हसली. पण या वेळी माझ्यावर नाही. दिवानजी बाजूला झाले. सब्बलीनं वरची फळी निघाली. खालची निघता निघता मधोमध मोडली. आणि मग पाणी असं सुटलं, असं सुटलं, की पायाखालचे दगड थरथरत होते. आम्ही काठावर बसून नुसते पाहत राहिलो.

पाणी टोलीच्या बाहेरून नाल्यात गेलं, जिथून त्यानं नेहमी जावं तिथूनच. दिवस कलेपर्यंत बोडी हातभर उतरली आणि उथळ कोपऱ्यातली नाव चिखलात बसली. पाहुण्या बायांच्या पायाला घोट्यापर्यंत नाही, गुडघ्यापर्यंत चिखल लागला. मालकांना आमच्या ह्यांनी पाठकुळी घेऊन काठावर आणलं.

सगळे पारीवर उभे असतानाच आवाज झाला. बैलगाडीएवढा मातीचा गठ्ठा, मुळांसकट, आमच्या बाजूला खचून माझ्या मागच्या अंगणात येऊन पडला. माझा शेणखड्डा, वाटी ठेवायची जागा, सगळं बुजलं. वरची अर्धी पार उभी राहिली. पाणी त्या वेळी तिथं नव्हतं, ते खाली गेलं होतं. असतं तर काय झालं असतं, हे त्या दिवशी कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

मालक त्या भगदाडाकडे पाहत होते. मग म्हणाले, "फळ्या कोणी काढल्या?"

दिवानजींनी माझ्याकडे बोट केलं.

"म्या काढल्या," मी म्हटलं. "परत लावाल तं परत काढीन."

डोक्यावरचा पदर घसरलेला, अंगभर शेवाळ, आणि मालकांच्या तोंडाकडे पाहून बोललेली मी आमच्या टोलीतली पहिलीच सून. मालक माझ्याशी बोललेच नाहीत. ह्यांना म्हणाले, "बायकोला आवर."

आमच्या ह्यांनी खांद्यावरचं नावेचं वल्हं खाली ठेवलं. "मालक," ते म्हणाले, "नाव दुसऱ्याले द्या." एवढंच. पुढच्या उन्हाळ्यात नावेचा हिरवा रंग पोपडे धरून निघाला तेव्हा ते चोरून जाऊन पाहून आले, हे मला माहीत आहे. पण वल्हं पुन्हा उचललं नाही.

लोकांनी मला डोक्यावर घेतलं असेल असं वाटतं का तुम्हाला? दसऱ्यापर्यंत आमच्या घरचा विस्तव कोणी नेला नाही. माझ्या आणि आत्याबाईंच्या हातचं पाणी कोणी प्यायलं नाही. तीन दिवस मला ताप भरला तर टोलीत कुजबुज, पाहा, भोवलं. दुपारभर गार पाण्यात उभं राहिल्यावर ताप येणार नाही तर काय येणार? चौथ्या दिवशी उतरला आणि मी धान निंदायला गेले. माझ्या लेकीला साधी शिंकसुद्धा आली नाही. आत्याबाई जेवताना म्हणायच्या, "बसू दे त्यायले घरात. आपल्या दोघीइले मासळी जास्त पुरते." त्या दिवसांत त्या मला माझ्या आईपेक्षा जवळच्या झाल्या. मागच्या अंगणातली माती उपसून आम्ही दोघींनी ती काशाची वाटी शोधली. कडेला चेपली होती, फुटली नव्हती.

दुसऱ्या वर्षी मारबतीच्या सकाळी आत्याबाई पहाटेच काठी घेऊन सलंगीवर जाऊन बसल्या. फांद्या घेऊन लोक आले की म्हणायच्या, "इथी नाई. नाल्यावर जा. अन् वळून पाह्यलं तरी चालते." त्या वारल्यावर मी बसू लागले. मालकांनी खचलेली पार बांधून घेतली, उरलेले गुलमोहर मुळासकट काढले, पण फळ्या पुन्हा बसवल्या नाहीत. न मोडलेली फळी आत्याबाईंनी त्याच दिवशी घरी आणली होती. तिचा पाट केला. मालकांनी मागितली नाही, आम्ही दिली नाही. आता लिहिताना मी त्याच पाटावर बसले आहे.

हे सगळं मी पुन्हा जाऊन त्या बगीच्याच्या पोराला सांगितलं. ऐकून घेतलं बिचाऱ्यानं. म्हणाला, "आजी, अर्ज द्या लेखी." अर्ज दिला. माझ्या हातानं लिहून दिला. जाळी काढा, नाही तर मोठ्या गाळ्याची लावा आणि रोज साफ करायला माणूस ठेवा, खाली आता साठ घरं आहेत. पोचही घेतली. उत्तर आलं नाही.

पोळा पंधरा दिवसांवर आला आहे. टोलीतली नवी पोरं मेढे लावतात, पण नाल्यावर जायचा कंटाळा करतात, हे मी पाहिलं आहे. तेव्हा मारबतीच्या सकाळी मी सलंगीवर बसणार. उत्तर तोवर आलं तर उत्तम. नाही आलं, तर लोखंडाच्या जाळीवर इळा चालत नाही एवढं मलाही कळतं. जाळीला आठ बोल्ट आहेत, मोजून आले. नातीला पाना आणायला सांगितलं आहे, आणि बैलाचा कासरा आहेच घरात.